साइट उघडत नाही, ओटीपी येत नाही, पैसे कटले: नवीन माणसानं काय करायचं?

मे-जून आला की नागपुरात ऑनलाइन फॉर्मचा मोसम सुरू होतो. बारावीचा निकाल, कॉलेजची अ‍ॅडमिशन, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमिलेयर, शिष्यवृत्ती, सगळं एकदमच अंगावर येतं. माझं कामच फॉर्म भरून देण्याचं आहे आणि काउंटरवर येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "ताई, साइटच चालत नाही आहे." या एका वाक्याच्या पोटात कितीतरी वेगवेगळ्या अडचणी असतात. काही खरंच सर्व्हरच्या, म्हणजे साइट चालवणाऱ्या त्यांच्या कॉम्प्युटरच्या असतात, तिथे कोणाचंच काही चालत नाही. पण बऱ्याच अशा असतात की घरी बसून सुटल्या असत्या आणि भर उन्हात मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सपर्यंत चक्कर पडली नसती. ज्यांनी नुकताच आपला फॉर्म आपण भरायला घेतला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बटण पुन्हा पुन्हा दाबण्याआधी दोष कुठं आहे ते ठरवायचं, ही सवय सगळ्यात आधी लावा. जागा चारच आहेत: तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर, तुमचं इंटरनेट, समोरच्या साइटचा सर्व्हर आणि तुम्ही भरलेली माहिती. चौथी जागा लोक तपासतच नाहीत, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त फॉर्म तिथेच अडतात.

आधी संदेश वाचा, मग फोटो काढा

स्क्रीनवर लाल अक्षरात काही आलं की घाईत ते बंद करू नका. इंग्रजीत असलं तरी शब्द न् शब्द वाचा. समजलं नाही तर स्क्रीनशॉट घ्या. वरची पत्त्याची पट्टी आणि वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनचा घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली की हाच एक पुरावा हातात असतो. "काहीतरी एरर आला होता" एवढ्यावर हेल्पडेस्कवाला काहीच करू शकत नाही.

दोष कुठं आहे ते असं शोधा

१. त्याच फोनवर दुसरी एखादी साइट उघडून बघा, जी तुम्ही आज उघडलेली नाही. रोजची साइट ब्राउझरने आधीच जपून ठेवलेली असू शकते, तिच्यावरून खरं कळत नाही. दुसरीही उघडली नाही तर भानगड इंटरनेटची आहे.

२. दुसरी उघडली आणि हवी ती अडली, तर घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घ्या आणि तीच साइट पुन्हा उघडा. आता चालली तर तुमच्या पहिल्या नेटवर्कचा घोळ आहे.

३. दोन्ही नेटवर्कवर अडली तर ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी (जी जुनं साठवलेलं काही वापरत नाही) उघडून तिथे बघा. तिथे चालली तर दोष तुमच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या फाइलींचा किंवा कुकीजचा (साइटने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदींचा).

४. कुठेच चालत नाही आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या फोनवरही चालत नाही, तर सर्व्हर बंद आहे. फोन बाजूला ठेवा आणि दोन तासांनी बघा.

फोनमध्ये व्हीपीएन (तुमची जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवणारं अ‍ॅप) चालू असेल तर या सगळ्याच्या आधी ते बंद करा. बऱ्याच सरकारी साइट परदेशातून आलेली जोडणी घेत नाहीत, आणि व्हीपीएनमुळे तुम्ही नंदनवनात बसूनही परदेशात असल्यासारखे दिसता.

आकडे काय सांगतात

साइट अडली की स्क्रीनवर कधी तीन आकडी एरर क्रमांक येतो. ४०४ म्हणजे ते पान त्या पत्त्यावर नाही. जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधली लिंक उघडली की हे हमखास येतं. साइटच्या मुख्य पानावरून आत जा. ४०३ म्हणजे तुम्हाला आत येऊ दिलेलं नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारलंत, आता थोडं थांबा. ५०० पासून पुढचे, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४, हे सगळे त्यांच्या बाजूचे. त्यासाठी तुमच्या फोनची सेटिंग बदलत बसू नका.

निकालाच्या दिवशी ५०३ आणि ५०४ दिसणं साहजिक आहे, कारण सगळं राज्य एकाच वेळी तिथे असतं. बोर्डाचा निकाल एकापेक्षा जास्त अधिकृत साइटवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, त्यामुळे एकाच दारावर धडका मारू नका. बैठक क्रमांक आणि आईचं नाव हॉल तिकिटावर जसं छापलं आहे तसंच टाका. घरी "छाया" म्हणतात पण हॉल तिकिटावर लग्नानंतरचं नाव आहे, एवढ्याशा फरकाने "रेकॉर्ड सापडत नाही" येतं आणि घरात रडारड सुरू होते.

घरचं इंटरनेट

वायफायचा राउटर बंद करा, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. फायबरची लाइन असेल तर राउटरवर एलओएस लिहिलेला दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरची तार तुटली किंवा सुटली आहे, कंपनीला फोन करण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

आपल्या नागपूरची एक खास गोष्ट सांगते. उन्हाळ्यात खिडकीत लोखंडी कूलर बसतो आणि राउटर नेमका त्याच्यामागे किंवा त्याच्या वर ठेवलेला असतो. लोखंडाची पेटी आणि आतलं पाणी, दोन्ही वायफायचा सिग्नल अडवतात, वरून ओल लागते ती वेगळीच. राउटर मोकळ्या जागी, जरा उंचावर ठेवा. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा फोनही तापून स्वतःचा वेग कमी करतो. चार्जिंगला लावून, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत बसून फॉर्म भरू नका. चार्जर काढा, कव्हर काढा, फोन थोडा निवू द्या.

ब्राउझरमधले चार उपाय

पान जुनंच दिसत असेल तर कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा. फोनवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एकाच साइटचा साठवलेला डेटा पुसता येतो. सगळा इतिहास पुसायची गरज नाही. त्याने बाकीच्या सगळ्या साइटवरून बाहेर पडाल आणि पासवर्ड आठवत बसाल.

"तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" अशा अर्थाचा इशारा प्रत्येक साइटवर येत असेल तर आधी तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या आतला बटणासारखा सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुमच्या घड्याळानुसार ती अजून सुरूच झालेली नसते. तारीख नीट करा, इशारा जातो. सेल सीआर २०३२ या नावाने मिळतो. पण तारीख बरोबर असून एकाच साइटवर हा इशारा येत असेल तर पुढे जाऊ नका, आणि तिथे बँकेची माहिती तर अजिबात टाकू नका.

पावती किंवा अर्जाची प्रिंट उघडत नसेल तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला लहानसं चिन्ह आलं आहे का ते बघा. ब्राउझरने नवीन खिडकी अडवलेली असते. त्या साइटपुरती परवानगी द्या. फोनवर बटण दिसतच नसेल, अर्धं कापलं गेलं असेल, तर मेनूमधलं "डेस्कटॉप साइट" चालू करा.

विंडोज ७ वर अजूनही काम करत असाल तर एक लक्षात घ्या. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला त्यावरची साथ सोडली, १०९ ही शेवटची आवृत्ती. नव्या साइट तिथे मोडक्यातोडक्या दिसतील किंवा उघडणारच नाहीत. अशा वेळी घरातला बरा अँड्रॉइड फोन जास्त कामाचा.

फॉर्म माहिती घेत नाही

इथे थोडा वेळ थांबते, कारण लोक इथेच हताश होतात.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारी एक मुलगी आली होती. मोबाइल नंबर बरोबर, दहा आकडे, तरी खाली "योग्य क्रमांक टाका" असंच येत होतं. मी तिचा फोन हातात घेऊन बघितलं. तिचा कीबोर्ड मराठीवर होता आणि नंबर ९८ असा देवनागरी आकड्यांत पडला होता. आपल्याला तो नंबर दिसतो, साइटला ती अक्षरं दिसतात. नंबर, पिनकोड, जन्मतारीख, रक्कम, हे सगळं इंग्रजी कीबोर्डवर जाऊनच टाका.

दुसरी गोष्ट याहून लपलेली असते. कीबोर्डच्या सुचवणीवर बोट ठेवून ईमेल भरला की शेवटी एक मोकळी जागा आपोआप पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. ईमेलच्या शेवटी बोट ठेवा, एकदा मागे खोडा आणि बघा. पासवर्डमध्ये कधीकधी पहिलं अक्षर चुकून मोठं पडतं, तेही तपासा. पासवर्डच्या रकान्यात डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून काय टाइप झालं ते वाचा आणि मगच लॉगिन दाबा. चार-पाच वेळा चुकलं तर बरीच खाती काही वेळासाठी बंद होतात.

नाव आधारवर, टीसीवर आणि मार्कशीटवर वेगवेगळं असेल तर साइट काहीही करणार नाही. कुठे आडनाव आधी, कुठे मधलं नाव गाळलेलं, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. फॉर्म ज्या कागदाशी नाव जुळवून बघतो, त्या कागदावरचंच नाव टाका. कागदच चुकला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, याला पळवाट नाही.

जुन्या डीटीपी (छपाईच्या कामाच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर कॉपी करून रकान्यात टाकला की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. मराठी नेहमी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोडच देतो, तेव्हा नावं थेट फोनवर टाइप केलेली बरी.

आणि एकच पोर्टल दोन टॅबमध्ये दोन भावंडांसाठी उघडू नका. लॉगिन एकच धरलं जातं आणि धाकट्याची माहिती थोरल्याच्या अर्जात सेव्ह होते. एकाचा अर्ज पूर्ण करा, लॉगआउट करा, मग दुसऱ्याचा घ्या. मधेच ब्राउझरचं मागे जायचं बटणही दाबू नका. फॉर्ममध्ये "मागील" असं बटण असतं ते वापरा. फॉर्म उघडा ठेवून कागद शोधायला उठलात तर काही मिनिटांत सेशन (लॉगिनची वेळ) संपतं आणि भरलेलं सगळं जातं. सगळे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि मगच बसा.

फोटो आणि कागद अपलोड होत नाहीत

फॉर्म म्हणतो फोटो ५० केबीच्या आत हवा आणि फोनने काढलेला फोटो असतो ४ एमबीचा. एका एमबीत १०२४ केबी असतात, म्हणजे फोटो ऐंशीपट मोठा आहे. कॉम्प्युटरवर पेंटमध्ये फोटो उघडा, रीसाइजमध्ये पिक्सेल निवडा, फॉर्ममध्ये दिलेली रुंदी टाका आणि जेपीजी म्हणून सेव्ह करा. फोनवर असाल तर आधी फोटो नीट कापा, मग स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तिथून उतरवलेला फोटो बराच हलका होतो, आणि तरीही मोठा वाटला तर तो आणखी लहान करणं सोपं जातं.

फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्याने ती जेपीजी होत नाही. आतला प्रकार तोच राहतो आणि साइट तो ओळखते. आयफोनचे फोटो वेगळ्या प्रकारात साठतात. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा, पुढचे फोटो जेपीजीत निघतील. फाइलच्या नावात मराठी अक्षरं, मोकळी जागा, कंस नकोत. साधं इंग्रजी नाव आणि आकडे ठेवा.

फाइल लहान करून देणाऱ्या अनोळखी साइटवर आधार, पॅन किंवा बँक पासबुक चढवू नका. तुमचा कागद पुढे कुठे जातो ते तुम्हाला दिसत नाही.

ओटीपी येत नाही

घाईघाईत पाच वेळा "पुन्हा पाठवा" दाबलं की पाच ओटीपी मागेपुढे येतात आणि बहुतेक ठिकाणी फक्त शेवटचा चालतो. एकदा दाबा, दोन मिनिटं थांबा. तरी आला नाही तर हे बघा: फोनची मेसेज साठवायची जागा भरली आहे का, मेसेज स्पॅममध्ये गेला आहे का, दोन सिमपैकी ज्या सिमचा नंबर दिला आहे ते चालू आहे का, त्याचा रिचार्ज संपून इनकमिंग बंद झालं आहे का. विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद केला की अडकलेले मेसेज पुष्कळदा धडाधड येतात. बर्डीच्या तळघरातल्या दुकानात उभे असाल तर सरळ रस्त्यावर या.

आधारचा ओटीपी मात्र तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या नंबरवर येत नाही, आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो जुना नंबर बंद पडला असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा नोंदवा. फॉर्मची मुदत जवळ आली असेल तेव्हा हे काम उद्यावर ढकलू नका.

पैसे कटले, पावती आली नाही

लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. हे वाक्य मी काउंटरवर रोज बोलते. क्रम असा ठेवा.

आधी बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये व्यवहार "यशस्वी" आहे की "प्रलंबित" ते बघा आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून घ्या. मग साइटवर परत लॉगिन करून "पेमेंट स्टेटस" किंवा "व्हेरिफाय पेमेंट" असं काही आहे का ते शोधा. कितीतरी पोर्टलवर ते बटण दाबलं की अडकलेलं पेमेंट अर्जाला जोडलं जातं आणि पावती निघते. नसेल तर काही तास वाट बघा.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने दुकानदाराला अथवा साइटला पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी. यूपीआयने दुसऱ्या माणसाच्या खात्यात पाठवताना असं झालं तर ही मुदत १ दिवसाची आहे. बँकेत तक्रार करताना हा नियम तारखेसकट लिहा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी असेल आणि पेमेंट अडकलं असेल, तर माझं मत असं की संदर्भ क्रमांकासह हेल्पडेस्कला लेखी कळवून मग दुसऱ्यांदा भरा. पैसे परत येतात, मुदत परत येत नाही.

कस्टमर केअरचा नंबर शोधू नका

पैसे अडकले की लोक गूगलवर नंबर शोधतात आणि चोराच्या हाती सापडतात. वर दिसणारा नंबर कोणीही टाकलेला असू शकतो. नंबर फक्त त्या साइटच्या "संपर्क" पानावरून किंवा बँकेच्या कार्डामागून घ्या. सरकारी साइटचा पत्ता बहुतेक जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन वर संपतो. अक्षरं नीट वाचा, कारण मधे जीओव्ही घालून शेवटी भलतंच लावलेले पत्तेही फिरतात. फोनवर कोणी ओटीपी मागितला, स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं, पैसे परत मिळवायला पिन टाका म्हणाला, तर तिथेच फोन ठेवा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर त्या मिनिटाला १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त.

पीडीएफ उघडत नाही, किंवा सहीवर प्रश्नचिन्ह

ई-आधारची फाइल पासवर्ड मागते. तुमच्या नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं, सगळी मोठी, आणि त्याला लागून जन्माचं साल. सुरेश, जन्म १९९० असेल तर एस, यू, आर, ई आणि पुढे चार आकडे, मधे जागा नाही.

दाखल्याच्या डिजिटल सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे दाखला खोटा आहे असं नाही. तुमच्या कॉम्प्युटरने ती सही अजून पडताळलेली नाही, इतकंच. अ‍ॅडोबी रीडरमध्ये फाइल उघडा, सहीवर क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवा, डावीकडच्या साखळीत सगळ्यात वरचं सीसीए इंडिया (डिजिटल सह्यांवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय) निवडा, ट्रस्ट टॅबमध्ये जाऊन ते विश्वसनीय यादीत घाला आणि सही पुन्हा व्हॅलिडेट करा. बरोबरची हिरवी खूण येते. मग प्रिंट काढा.

तक्रार अशी लिहा

"अर्ज क्रमांक अमुक. आज दुपारी ३.४० ला मोबाइलच्या क्रोम ब्राउझरवरून 'कागदपत्रे' या पानावर उत्पन्नाचा दाखला अपलोड केला. फाइल पीडीएफ, २१० केबी. 'इनव्हॅलिड फाइल' असा संदेश आला. दुसऱ्या ब्राउझरवर आणि दुसऱ्या नेटवर्कवरही हेच झालं. स्क्रीनशॉट जोडला आहे. अर्जाची शेवटची तारीख ३० आहे."

एवढं पुरे. राग लिहू नका, वेळ लिहा. तक्रार क्रमांक मिळाला की तो जपून ठेवा. आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी तक्रारीत कधीच नको.

सायबर कॅफेत बसणार असाल तर

स्वतःची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, पासवर्ड सेव्ह करायला विचारलं तर नाही म्हणा आणि उठण्याआधी लॉगआउट करा. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर फाइल उघडली असेल तर फोनमधल्या "लिंक केलेली उपकरणे" या यादीतून तो कॉम्प्युटर काढून टाका. अर्जाची प्रत आणि पावती स्वतःच्या ईमेलवर पाठवा, मग डाउनलोड फोल्डरमधून तुमचे कागद खोडा. खोडलेली फाइल रिसायकल बिनमध्ये पडून राहते, तिथूनही काढा.